साडेसहाचं फाटक

अकोला सोडून अमरावतीला जायचं ठरलं तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. लग्न झालेलं नव्हतं, आणि घरात आता तो विषय कोणी काढत नव्हतं. आधीची सहा वर्षं मी रोज एसटीने अकोटला जात होते, एका जिनिंग कारखान्यात कापसाचा दर्जा तपासायला. आता नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका कापड कंपनीच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. पगार बरा होता, पण खरं सांगायचं तर मला खुणावत होता तो पोहऱ्याच्या जंगलातला रस्ता.

सायकल मी उशिरा शिकले. म्हणजे चालवता येत होतीच, पण लांब जाणं उशिरा सुरू झालं. अकोला सगळं सपाट. रविवारी आम्ही चारपाच जण पातूरपर्यंत जायचो, कारण तिथे कुठे डोंगर सुरू होतो. पातूरचा घाट चढून वर थांबलं की मला खाली उतरावंसंच वाटायचं नाही. अमरावतीत मात्र डोंगर गावाच्या अंगालाच लागलेला. छत्री तलावापासून रस्ता जंगलात शिरतो आणि चढउतार करत पोहऱ्याकडे जातो. तो रस्ता मी फक्त एकदा चालवला होता, आणि घर शोधताना तोच डोक्यात होता.

दोन दिवसांत मी तीन जागा बघितल्या. पहिली नांदगाव पेठलाच, महामार्गाला लागून. कंपनीतल्या दोघी तिथे राहत होत्या आणि तिसरी शोधत होत्या. कंपनी पायी दहा मिनिटं, पण खिडकी उघडली की ट्रक. दुसरी छत्री तलावाच्या पुढे, एका शेतकऱ्याच्या घरामागची स्वतंत्र खोली. दाराबाहेर गोठा, पलीकडे सोयाबीनचं वावर आणि त्यापलीकडे जंगल. मालकाने एकच विचारलं, "पाणी दिवसाआड येते, चालन ना?" मला चाललं असतं. मी त्या खोलीत उभी राहिले आणि पहाटे दार उघडून थेट रस्त्यावर जाणारी मी मला दिसले.

आईला मी त्या खोलीबद्दल फोनवर सांगितलं. आई निवृत्त शिक्षिका. बाबा गेल्यापासून अकोल्याच्या घरात आम्ही दोघीच होतो.

"वावरात राहशीन तू? एकली?"

"मालकाचं घर समोरच आहे."

"मले झोप लागन का मग इकडं? तू काहून असं करते? मामाले विचार. त्याच्या ओळखीचे गुरुजी आहेत तिथं."

तिसरी जागा ही अशी आली. गुरुजी म्हणजे पौरोहित्य करणारे, सत्तरी ओलांडलेले. मामाच्या घरची वास्तुशांत त्यांनीच केली होती. मुलगा पुण्यात, घरात ते आणि काकू. वरची एक खोली, स्वच्छ, हवेशीर. बसचा थांबा जवळ. आणि तलाव सायकलने मोजून दहा मिनिटांवर. मला वाटलं, जमलं. आईला गुरुजी मिळाले आणि मला रस्ता. अकरा महिन्यांच्या करारावर मामाने साक्षीदार म्हणून सही केली. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला सायकल घेऊन खाली आले तर फाटकाला कुलूप. पुरुषभर उंच लोखंडी फाटक, वर टोकदार सळ्या, आणि चारी बाजूंच्या भिंतीवर काचा रोवलेल्या. काही वर्षांपूर्वी चोरी झाली होती म्हणे. मी पायरीवर बसून राहिले. आत दिवा लागला, आंघोळीचं पाणी वाजलं, मग पूजेची घंटा. बरोबर साडेसहाला गुरुजी बाहेर आले. किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली होती.

"गुरुजी, मला पहाटे सायकल चालवायची असते. एक किल्ली मिळेल का?"

"तिकडे बिबट आहे."

"लोक जातात सगळे."

"जाऊ दे. तुझ्या आईला मी शब्द दिला आहे. पूजा झाल्याशिवाय फाटक उघडत नाही या घरात."

सव्वासातला बस. पाऊण तासात सायकल, आंघोळ, डबा काहीच बसत नव्हतं. संध्याकाळी परत येईपर्यंत अंधार व्हायचा. उरला रविवार. रविवारी मी निघाले की गुरुजी फाटकाशी उभे राहून विचारत, "कोणत्या बाजूने?" आणि मी सांगत असे. एकदा परत येताना कंपनीतल्या एका सहकाऱ्याबरोबर टपरीवर पोहे खाल्ले. खोलीवर पोचून बूट काढते तोच आईचा फोन.

"कोण होता तो?"

मला राग आला तो प्रश्नाचा नाही. गुरुजींनी तिला सांगितलं, त्यांना आणखी कोणी सांगितलं, आणि यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं, त्याचा. ते वाईट नव्हते. संकष्टीला काकूंच्या हातचे मोदक वर यायचे. मला ताप आला तेव्हा गुरुजींनी स्वतः काढा आणून दिला आणि मी तो पिईपर्यंत दारात उभे राहिले. अशा माणसांशी भांडायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

शेवटी मी सायकल जिन्यावरून गच्चीवर नेली. पहाटे पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारायला लागले. गच्ची लहान. चार पायडल मारले की वळण. सतत डावीकडे वळून मान दुखायची, म्हणून अर्ध्या फेऱ्या उलट्या. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई हात थांबवून बघत राहायच्या. पूर्वेला जंगलाची काळी रेघ दिसायची, तिच्याकडे मी बघायचं टाळत असे. आठव्या की नवव्या दिवशी काकू वर आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "अगं, वरून घरघर येते. त्यांच्या जपात खंड पडतो." मी सायकल खाली आणून जिन्याखाली ठेवली. त्यानंतर बरेच दिवस मी तिला हात लावला नाही.

जागा सोडावी असं रोज वाटायचं. पण मामाची सही होती, आईची झोप होती, आणि सांगण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतं. साडेसहाला उघडणारं फाटक हे काय कारण आहे? कंपनीतल्या दोघींना सांगून बघितलं तेव्हा एक म्हणाली, "एवढंच ना? आमच्याकडे तर पाणीच नसते." मीही हसले.

मार्गशीर्षात एका पहाटे काकूंची हाक ऐकू आली. माझं नाव त्या कधी असं ओरडून घेत नसत. मी धावत खाली गेले. न्हाणीघराचं दार आतून बंद होतं, आत पाणी वाहत होतं, आणि काकू दारावर हलक्या हाताने थाप मारत होत्या, जोरात मारलं तर ते रागावतील अशा बेताने.

"पडले वाटतं गं. आवाज आला. आता बोलत नाहीत."

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. मग घराच्या मागे गेले. न्हाणीघराला उंचावर काचेच्या पट्ट्यांचा झरोका होता. स्टुलावर चढून मी एकेक पट्टी ओढून काढली. दोन फुटल्या, तळहात कापला. तेवढ्या फटीतून मी आत उतरले कशी, ते मला आजही नीट सांगता येत नाही. खाली गुरुजी उताणे पडले होते. डोळे उघडे होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. नळ बंद करून मी आधी पंचा त्यांच्या अंगावर टाकला. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना सगळं कळत होतं, हे मला दिसलं.

कडी काढून काकूंना आत घेतलं. तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि कोणीतरी फाटक हलवलं.

"कुलूप आहे इथं. खोला लवकर."

मी जानव्याकडे हात नेला. किल्ली गुरुजींच्या डाव्या मुठीत होती. उजवं अंग गेलं होतं, पण डाव्या हातात जोर होता, आणि ती मूठ सुटेना.

"गुरुजी, सोडा. गाडी आली आहे. तुम्हाला न्यायला आलेत."

ते सोडेनात. मी बोटं उलगडायला लागले तर त्यांनी आणखी घट्ट धरली. मला वाटलं, हा माणूस आता माझ्या हातात जातो, आणि लोक चार पावलांवर उभे आहेत. बाहेरून पुन्हा हाक आली. तेव्हा काकू खाली ओल्यात बसल्या आणि त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "द्या आता. पुरे झालं." इतक्या महिन्यांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. मूठ उघडली.

गुरुजी वाचले. तीन आठवडे दवाखान्यात होते. मुलगा पुण्याहून आला, धावपळ केली, आणि वडिलांना घरी आणल्यावर आठ दिवसांनी परत गेला. जाताना म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत आहे." किल्ली माझ्याकडेच राहिली होती. कोणी मागितली नाही.

गुरुजींना पहाटे उठवून बसवावं लागे, कूस बदलावी लागे, कपडे बदलावे लागत. काकूंचे गुडघे गेलेले. सेवेला ठेवलेली बाई सातला यायची. म्हणजे साडेपाच ते साडेसहा हा तास माझा झाला. काकूंनी कधी "ये" म्हटलं नाही. जिन्याखाली उभ्या राहून फक्त विचारायच्या, "उठलीस का गं?" आणि मी उठलेली असायची. मामा नातेवाइकांत माझं कौतुक करत होता. आई म्हणाली, "पुण्य लागन तुले." फोन ठेवल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले. त्या पुण्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

एका पहाटे मी गेले. काकूंची हाक यायच्या आत, पाचला, फाटक उघडून. तलाव मागे पडला, जंगल सुरू झालं, पहाटेची गार हवा अंगावर यायला लागली. इतके महिने जिच्यासाठी झुरत होते ती हीच वाट होती. पण माझं सगळं लक्ष मनगटावरच्या घड्याळात. पहिला मोठा चढ लागला तिथेच मी वळले. घरी पोचले तर सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. गुरुजी अर्धे पलंगाखाली घसरलेले, आणि काकू त्यांचे खांदे मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेल्या. किती वेळ, ते मी विचारलं नाही. आम्ही दोघींनी मिळून त्यांना वर घेतलं. उठता उठता काकू म्हणाल्या, "चहा ठेवते." त्या चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी प्रयोगशाळेच्या बाहेर उभी राहून मी गुरुजींच्या मुलाला फोन केला. मी नम्रपणे बोलले नाही. पहाटेसाठी दुसरी बाई बघा, मी महिनाअखेर जागा सोडते, एवढंच सांगितलं.

तो म्हणाला, "आम्हाला वाटलं, तुम्हाला घरच्यासारखं वाटतं तिथं."

"वाटतं," मी म्हणाले. "म्हणूनच."

त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. बाई दोन दिवसांत मिळाली, मागच्याच गल्लीत राहणारी. दोन दिवसांत. मी तीन महिने तो तास देत होते आणि कोणी शोधलंच नव्हतं. मीही शोधा म्हणाले नव्हते.

मामाने फोन उचलणं बंद केलं. आई चार दिवस बोलली नाही. गुरुजींना मी स्वतः सांगितलं, पलंगाशेजारी बसून. बोलणं त्यांना अजून जमत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशा रुग्णांना कशानेही रडू येतं, ताट वाढल्यावरही येतं. ते माझ्यासाठी होतं की कसं, हे मला कधी कळणार नाही. मी त्यांचा डावा हात थोडा वेळ धरून बसले.

तलावाकडची ती खोली तोवर गेली होती. मालकाच्या पुतण्याने तिथे संसार थाटला होता. मग नांदगाव पेठ. त्या दोघींची तिसरी अजून मिळाली नव्हती. इथे मला कोणी काही विचारत नाही. मी पहाटे पाचला उठते आणि खिडकीतून महामार्गाकडे बघते. त्या रस्त्याने अंधारात ट्रकच्या शेजारून सायकल काढायची हिंमत माझ्यात नाही. डोंगर इथून पंधरा किलोमीटरवर. कधी रविवारी जाते, कधी नुसती पडून राहते आणि स्वतःवर चिडते.

दोन महिन्यांनी आई अकोल्याहून एसटीने आली. पिशवीत तुरीची डाळ, तिळाची चटणी. पलंगावर बसून तिने खोली बघितली, माझ्या तळहातावरचा व्रण बघितला. खालून एक कंटेनर गेला आणि काच थरथरली.

"इथं झोप लागते तुले?"

"लागते."

तिने माझ्याकडे बघितलं. खोटं तिला लगेच कळतं, जन्मभर पोरांच्या वर्गात उभी राहिलेली बाई. पण ती परत चल म्हणाली नाही, मामाचं नाव काढलं नाही.

"भाजी कुठं भेटते इथं?" तिने विचारलं आणि चपला शोधायला लागली.