मोटरीतून आलेल्या देवी

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, आणि आमच्या गावाला एसटी सुरू होऊन वर्षही उलटलं नव्हतं. त्याआधी शेगावहून वरवट बकालच्या पुढचं आमचं गाव गाठायचं म्हणजे बैलगाडीत अख्खा दिवस मोडायचा. माझे बाबा शेगाव स्टेशनवर रेल्वेत कामाला होते. लग्न होऊन मी त्या आडगावात गेले तेव्हा मोटर सुरू झाली, याचा सगळ्यात जास्त आनंद मलाच होता. माहेर जवळ आलं होतं.

होळी झाल्यावर मी माहेरी चार दिवस राहून परत निघाले. गाडी खच्चून भरलेली. माझ्या बाजूला एक बाई लेकरू घेऊन उभी होती. नवरा सुरतेला गिरणीत, तिथून रेल्वेनं आलेली, रात्रभर बसून. डोळे मिटत होते तिचे.

"द्या त्याले माझ्याजवळ," मी म्हटलं.

"ताप हाये वो त्याले."

"असू द्या."

लेकरू निखाऱ्यासारखं तापलेलं होतं. कपाळावर बारीक लाल पुरळ दिसत होतं, मला वाटलं उन्हानं घामोळं आलं असेल. पदरानं वारा घालत मी त्याला वरवटपर्यंत मांडीवर निजवलं. तिथं ती उतरली आणि मी पुढे गेले.

काही दिवसांनी गावात जीप आली. तिच्यात आरोग्य खात्याचे एक साहेब होते आणि देवीची लस टोचणारा, म्हणजे देवी काढणारा माणूस होता. त्या दिवशीच्या गाडीनं कोण कोण आलं, अशी ते घरोघर चौकशी करत होते. आमच्या ओसरीवर साहेब सासऱ्यांना म्हणाले, "त्या गाडीत देवी आलेलं एक मूल होतं. परवा गेलं ते."

मी दाराआड उभी होते. तशीच बाहेर आले आणि म्हणाले, "माझ्याच मांडीवर होतं ते."

जाऊबाईंनी आपलं तान्हं उचललं आणि आत गेल्या. मला त्यांचा राग आला नाही. आल्यापासून मी त्या बाळाला कितीदा तरी घेतलं होतं.

लहानपणी माझ्या देवी काढल्या होत्या. त्या माणसानं दंडावरची खूण निरखून पाहिली. "जुनी झाली. पुन्हा काढतो," म्हणत फिरकीसारखं हत्यार दंडावर टेकवून त्यानं पिळलं. आमच्या घरच्या आणि शेजारच्या लोकांच्या देवी काढेपर्यंत जवळची लस संपली. उरलेल्या गावासाठी बर्फात ठेवलेली लस घेऊन उद्याच्या गाडीनं येतो, असं सांगून ते गेले. मला पंधरवडाभर वेगळं राहायला सांगितलं.

गावाच्या शिवेवर, सडकेला लागून आमचं शेत होतं. तिथल्या खोपडीत, राखणीच्या झोपडीत, माझी व्यवस्था झाली. सासूबाई भाकरी आणून बांधावर ठेवायच्या आणि मागे सरून म्हणायच्या, "खाय माय." मी खाईपर्यंत तिथंच उभ्या राहायच्या.

दिवस जाता जात नव्हता. मी बसले की उठायचे, उठले की विहिरीपर्यंत जायचे, पाण्यात तोंड पाहायचे. डास चावला तरी ती जागा पुन्हा पुन्हा चाचपायचे. दर घटकेला कपाळाला हात लावायचे, आणि उन्हात कपाळ गरमच लागायचं. हात रिकामा असला की त्या लेकराची ऊब आठवायची. मग मी कापून झालेल्या शेतातली धसकटं उपटत बसायचे, कुणी सांगितलेलं नसताना.

दुसऱ्या दिवशी गाडी आलीच नाही. दुपार टळल्यावर सडकेनं दोघं चालत येताना दिसले. देवी काढणारा माणूस आणि माझी खबर कळून शेगावहून निघालेले माझे बाबा. घामानं न्हालेले. बाबा बांधाशी थांबले.

"गावकऱ्यायनं सडकेवर काट्या टाकल्या म्हणते. डायवरनं वरवटलेच उतरून देल्लं," ते म्हणाले. "याचा बर्फ पाणी झाला. लस वाया गेली सारी."

"काट्या कायले टाकल्या?"

"बिमारी मोटरीतून आली, तं मोटरच नाई पाह्यजे म्हणते." बाबा खाली बसले. "माझ्या बापाच्या काळात पलेग रेल्वेनं आला. टेशनावर लोकायले उतरवून झाडाखाली बसवत, गाठोडे सोडून कपडे उकळत. तं लोक अगोदरच्या टेशनावर उतरून वावरावावरातून घरी जात. रेल्वे पाह्यली नाई त्या गावातयी पलेग पोचला. अडवल्यानं थांबला नाई तो, पोरी."

ते बराच वेळ बसून राहिले. जवळ येता येत नव्हतं, आणि जाववतही नव्हतं त्यांना.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं गाडी थेट शिवेपर्यंत आणली आणि काट्यांसमोर उभी केली. हॉर्न ऐकून मी खोपडीबाहेर आले. बाभळीच्या फांद्यांचा ढीग आडवा पडलेला, अलीकडे दहावीस माणसं काठ्या घेऊन, आणि पलीकडे गाडीत तोच माणूस बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसलेला.

"मोटर वापस ने बे!" कोणी तरी ओरडत होतं. गाडीतून कुणाला खाली उतरूही देत नव्हते.

ऊन चढत होतं. मला एवढंच दिसत होतं की डब्यातला बर्फ वितळतो आहे. शूर वगैरे मी कधीच नव्हते, पण दोन दिवस जागच्या जागी तडफडून मला आता नुसतं उभं राहवेना. डोक्यावरचा पदर घट्ट खोचला आणि सडकेवर चढले. मला पाहताच माणसं मागे हटली. माझ्यापाशी यायची कुणाची छाती नव्हती.

"वो सूनबाई, तिकडेच थांब!" सरपंच ओरडले.

मी थांबले नाही. एकेक फांदी ओढून कडेला टाकत गेले. तळहात सोलून निघाले. कुणी काठी उगारली नाही, कुणी मदतही केली नाही. गाडीपुरती वाट झाल्यावर मी बाजूला झाले. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं आणि गाडी हळू पुढे काढली.

त्या दिवशी चावडीपुढे गावाच्या देवी काढल्या. काहीजण रानात पळाले. त्यांच्यातल्या एका घरात देवी निघाल्याच, एक तरणी बाई गेली. आमच्या घरात कुणाला काही झालं नाही. माझा दंड सुजला, फोड पिकला, आणि तो माणूस पाहून हसला. "चांगलं झालं हे, लस लागली," म्हणाला. सुरतेहून आलेल्या त्या बाईलाही देवी आल्या होत्या. वाचली ती, एवढंच कानावर आलं.

पंधरवडा संपल्यावर सासूबाई मला न्यायला आल्या. माझी लुगडी त्यांनी शेतातच जाळली, नवं नेसवलं आणि माझा हात धरला. कितीतरी दिवसांनी मला माणसाचा स्पर्श झाला होता. घरी आले तरी माझं बूड मात्र ठरेना. दुपारी हॉर्न वाजला की हातातलं टाकून मी दारात जायचे.

"काऊन उठते वो घडीघडी?" सासूबाई विचारायच्या.

"मोटर आली का ते पाहून राह्यली," मी म्हणायचे. गाडीतून उतरणारी माणसं एकेक करून घराकडे वळेपर्यंत कुणाच्या कडेवर तापलेलं लेकरू नाही ना, हे पाहत मी उंबऱ्यातच उभी असायचे.