संग्रहालयाची गर्दी

छत्तीस वर्षं दवाखान्यात काढून सिस्टर निवृत्त झाल्या, तेव्हा आता त्या घरी बसून आपल्या डोक्यावर मिऱ्या वाटणार, याबद्दल सुनेला शंका उरली नव्हती. तिनंच धावाधाव करून त्यांना बाजारातल्या इतिहास संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून चिकटवलं. "आई, तिथं अनुभवी माणसांची फार गरज आहे," ती म्हणाली. गरज होतीच. पहिली गरज झाडूची होती.

संग्रहालय म्हणजे ओळीनं तीन खोल्या आणि त्यांच्या मागं एक स्वच्छतागृह. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. शहराच्या वैभवशाली परंपरेवर ते अखंड बोलत, समोर कोणी असो वा नसो. बहुधा नसे. त्यांचा खास जीव होता तिसऱ्या खोलीतल्या एका लोखंडी पट्टीवर. 'प्राचीन शस्त्र' अशी चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली होती आणि त्या शस्त्रावर पाऊण तासाचं भाषणही बसवलं होतं. महिन्याला नऊ-दहा माणसं येत. त्यातली निम्मी पत्ता विचारायला.

सिस्टरना इतिहासातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि स्वच्छतागृह दवाखान्याच्या शिस्तीत घासून लख्ख केलं.

एका दुपारी समोरच्या कापड दुकानातली विक्रेती दारात घुटमळली. "मावशी, इथं बाथरूम आहे का हो? दुकानात आमची सोय नाही. संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नाही आम्ही."

पाणी न पिणाऱ्या बायकांचं पुढं काय होतं, ते सिस्टरनी वॉर्डात पुष्कळ पाहिलं होतं. "आहे. रोज या," त्या म्हणाल्या. "फक्त वहीत नाव लिहायचं, आणि तिन्ही खोल्यांतून जायचं. दुसरी वाटच नाही."

महिनाभरात निम्म्या बाजाराला इतिहासाची गोडी लागली. अध्यक्षांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सिस्टर, हे ज्ञानमंदिर आहे."

"हो ना सर. म्हणून तर पाय पुसून यायला सांगते."

अध्यक्षांनी वही ओढली. महिन्याचा आकडा होता चारशे बारा. त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला आणि ज्ञानमंदिराचा विषय तिथंच मिटला. लागलीच त्यांनी नगरपालिकेला पत्र धाडलं: आपल्या व्याख्यानांमुळं जनतेत जागृती झाली आहे.

पालिकेला त्या खोल्या जुन्या फायली कोंबायला हव्या होत्या. त्यामुळं जागृती तपासायला एक साहेब आले. अध्यक्ष त्यांना शस्त्राचं भाषण ऐकवत असतानाच ती विक्रेती लगबगीनं आत आली. साहेबांनी तिला अडवलं. "काय बाई, इथं काय पाहायला येता?"

सिस्टर खुर्चीतून अर्धवट उठल्या.

विक्रेतीनं पट्टीकडं बोट दाखवलं. "हा गज. कापड मोजायचा. आमच्या माळ्यावर असाच एक पडलाय. टोकाला शिक्का बघा, जुन्या मापाचा. त्याच्या दोन बोटं अलीकडे खोटी खूण आहे. गिऱ्हाइकाला तिथपर्यंतच मोजून कमी कापड द्यायचे."

साहेब वाकले. शिक्का होता. खोटी खूणही होती. अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं.

"एका दमात हे सांगणारा प्रेक्षक मी कुठल्याच संग्रहालयात पाहिला नाही," साहेब म्हणाले. "सर, तुमचं शिक्षण पोचलंय लोकांपर्यंत."

"प्रयत्न असतो," अध्यक्ष नम्रपणे म्हणाले.

खोल्या वाचल्या. मानपत्र अर्थात अध्यक्षांना मिळालं. चिठ्ठीवर आता 'गज (युद्धातही वापरला असण्याची शक्यता)' असं आहे. एवढी तडजोड सिस्टरनी चालवून घेतली. बदल्यात त्यांनी आणखी एका स्वच्छतागृहाची मागणी लावून धरली. समितीनं पाच बैठका घेतल्या, सहावीत सिस्टर स्वतः जाऊन बसल्या आणि ठराव मंजूर झाला.

विक्रेती सुटीच्या दिवशी तिसऱ्या खोलीत उभी राहून लोकांना गज दाखवते. तिचं बोलणं चार मिनिटांत आटोपतं. लोक शेवटपर्यंत थांबतात, हे अध्यक्षांना अजून पटलेलं नाही. आणि सिस्टर आठवड्याचे सहा दिवस घराबाहेर असतात, त्यामुळं सून त्यांच्याविषयी चारचौघांत फार आदरानं बोलते.