बोटीच्या नोंदीतलं 'पांडरी'

"गावाचं नाव तेवढं शोधून आण," बाबा म्हणाले, आणि मी ठाण्याहून नांदेडची रात्रीची गाडी पकडली. बाबांचा जन्म मोंबासाचा. त्यांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा सांबअप्पा, दुष्काळात घर सोडून मुंबईला आले आणि बोटीनं आफ्रिकेला रेल्वेच्या कामावर गेले. पुढची पिढी परतली ती थेट ठाण्यात. गाव मधल्या मधे सुटलं. बाबांनी आता ऐंशी ओलांडली आहे. कुणी "मूळ गाव कुठलं?" विचारलं की ते खाली बघतात. मला ते बघवत नाही.

बोटींच्या जुन्या प्रवासी नोंदी हल्ली घरबसल्या चाळता येतात. डोळ्यांची पार माती झाली तेव्हा एक ओळ हाती लागली: सांबापा, गाव पांडरी, जिल्हा बीदर. तो सगळा निजामाचा मुलूख. त्यातला बराच भाग पुढे उस्मानाबादेत गेला, तिथून नव्या लातूर जिल्ह्यात. गाव बिचारं जागचं हललं नसेल, जिल्हेच त्याच्यावरून सरकत राहिले. नकाशात अहमदपूरच्या बाजूला एक पांढरवाडी दिसली. पांडरी म्हणजे हीच, असं मी ठरवूनही टाकलं. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग!

नांदेडला उतरलात तर अर्धापूरची केळी घेऊनच एसटीत बसा. लोह्यावरून अहमदपूर, बायकांना अर्धं तिकीट, रस्ता बरा. उन्हाळ्यात मात्र सकाळीच निघा. मी दुपारी निघाले आणि भाजून निघाले. बाहेर मैलोन्मैल भेगाळलेलं रान, मधेच रिकाम्या घागरींची रांग. सोलायला घेतलेलं केळं मी परत पिशवीत टाकलं.

अहमदपुरात लॉजवाल्यानं किल्लीबरोबर ताकीद दिली, "ताई, एकच बादली भेटंल बरं. बोअर आटलाय." जेवण मात्र झकास. गरम धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. मी तीन धपाटे हाणले.

सकाळी ऑटो करून पांढरवाडी गाठली. महादेवाच्या देवळापाशी एक आजोबा बसले होते.

"काय शोधायलाव, बाई?"

"सांबअप्पांचं घर. माझे पणजोबा. बोटीनं आफ्रिकेला गेले होते."

"सांबअप्पा तर हितं घरटी एक हाय. पर बोटीत?" ते हसले. "न्हाई बा. आमच्यातलं कुणी बोटीत बसलेलं ऐकलं न्हाई. ही वाडी बी आत्ताची, माझ्या बापाच्या वक्ताला वसलेली."

म्हणजे पणजोबा गेले तेव्हा हे गावच नव्हतं. चहा पाजल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही, आणि पाण्याची ती टंचाई बघता तो चहा पिताना मला लाज वाटली.

परतीच्या एसटीत पुढच्या बाकावर दोघीजणी बोलत होत्या.

"काळीत तर काईच उरलं न्हाई, माय."

"आन् पांढरीत काय हाय? टँकर आला तर पानी."

मी ताडकन पुढे वाकले. "मावशी, ही पांढरी कुठं आली?"

दोघी हसायलाच लागल्या. "कुठं म्हंजी? काळी म्हंजी रान, पांढरी म्हंजी गाव. ज्याची त्याची पांढरी!"

कारकुनानं विचारलं असेल, कुठं राहतोस? पणजोबांनी सांगितलं असेल, पांढरीत. गावात. त्यानं तेच नाव समजून लिहून घेतलं. गावापासून इतकं लांब ते तोवर कधी गेलेच नव्हते, की त्याचं नाव कुणाला सांगावं लागेल. मला बसमध्येच रडू फुटलं. एकीनं न विचारता पदरानं माझं तोंड पुसलं.

तुम्हीही अशा नोंदी चाळत असाल, तर नकाशा उघडण्याआधी तो शब्द मोठ्यानं म्हणून बघा, त्या भागातल्या माणसापुढे.

घरी आल्यावर बाबांना सगळं खरं सांगितलं. नाव सापडलं नाही, आता सापडेल असंही वाटत नाही.  मग त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे त्या भागातलं कुठलंही गाव आपलं असू शकतं?"

"हो, बाबा."

तेव्हापासून ते पेपरात लातूरच्या बातम्या शोधतात. अहमदपूर, उदगीर, निलंगा, एकही तालुका सोडत नाहीत. मोंबासात जन्मून ठाण्यात म्हातारे झालेले माझे बाबा काल चष्मा पुसत म्हणाले, "बघ गं जरा, आपल्याकडं टँकर आला का?"