बांबूवरचं फडकं

आमच्या बाबांची नोकरी वारा पाहायची होती. कुणाला खोटं वाटेल, पण सत्तरच्या दशकात नागपुरात अशीही एक नोकरी होती. शहराबाहेर खताचा डेपो होता. महालातल्या गल्ल्यांपासून धंतोलीपर्यंत सगळ्यांचा मैला तिथे येई. त्याचा गाळ वाफ्यांत वाळे, मग त्यात पाला-कचरा मिसळून ढीग लागत, आणि ते ढीग मधूनमधून उपसून उलटेपालटे केले की त्याचं सोनखत होई. नाव सोन्याचं, उपसताना जो भपकारा सुटे त्याला मात्र नाव नव्हतं. बाबा तिथले मुकादम. दीक्षेनंतर त्यांनी गावकीची कामं टाकली, ताठ मानेने शहरात आले, आणि शहराने त्यांच्या हातात परत घाणच ठेवली. फक्त पगारी.

डेपोच्या पलीकडे साहेबलोकांचे बंगले झाले तशा तक्रारी सुरू झाल्या. ढीग उपसल्याबरोबर वर सुक्या मातीचा जाड थर द्यायचा, हा उपाय डेपोच्या साहेबांसकट सगळ्यांना ठाऊक होता. पण मातीच्या गाड्या काही मंजूर होईनात. मग साहेबांनी फुकटातला उपाय काढला. आवारात एक उंच बांबू रोवला आणि त्याला फडकं बांधलं. फडकंही आमच्या आईच्याच जुन्या लुगड्याचं. ते बंगल्यांकडे उडालं तर ढिगाला हात लावायचा नाही. उलट बाजूच्या आमच्या चाळीकडे उडालं की बाबांनी शिट्टी फुंकायची आणि माणसांनी फावडी घेऊन ढिगावर चढायचं. याला साहेब वासाचा बंदोबस्त म्हणत. वास होता तेवढाच होता, नाकं तेवढी बदलली होती. त्या बंदोबस्ताचा मला आजही संताप येतो.

माझं मॅट्रिक झालं आणि रामटेककडचं एक स्थळ आलं. आमच्यातलेच लोक, घरी धानाची शेती, मुलगा मास्तर. मला ते लग्न हवं होतं, उगाच लाजून कशाला सांगू. मास्तरापेक्षाही मला तिथला मोकळा वारा हवा होता. रविवारी डेपो बंद असे, म्हणून पाहुण्यांना रविवारचं बोलावलं. आठवडाभर फडकं बंगल्यांकडेच उडत होतं आणि ढीग तसेच पडून होते. आई येता-जाता त्या फडक्याला हात जोडत होती.

रविवारी सकाळी वारा फिरला. साहेबांचा चपराशी सायकलवर निरोप घेऊन आला, ढीग तुंबलेत, वारा बरा आहे, आजच उपसून घ्या. बाबा तडक बंगल्यावर गेले आणि तसेच परत आले.

"साहेबाले म्हटलं, पोरीले पाह्याले पाहुणे येऊन राहिले. तं म्हणते, मग लवकर आटपा ना."

"मंग नाही काहून नाही म्हटलं तुम्ही?" आई कडाडली.

"नोकरी सोडू काय वं?"

आणि त्यांनी शिट्टी फुंकली. त्या लग्नाचं तेवढंच वाजंत्र वाजलं.

पाहुणे आले तेव्हा आईने उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवून ठेवला होता. उदबत्ती आणि मैला यांचा मिळून जो वास होतो, तो नुसत्या मैल्यापेक्षा वाईट. मी पोहे घेऊन गेले तर मुलाची आई नाकाला पदर लावून बसलेली. मास्तरांनी पाण्याचा पेला ओठांशी नेला आणि तसाच खाली ठेवला. आले होते मला पाहायला, आणि पाहत होते दार कुठे आहे ते. मुलाच्या बापाने तेवढे पोहे संपवले.

पुढच्या आठवड्यात स्थळ आणणारे मामा आले. "घर चांगलं आहे म्हणते ते," मामा चाचरत बोलले, "पण पोरीले वास येते म्हणते."

चाळीला नाही, घराला नाही, पोरीले. मी रिठ्याने केस धुतले होते, चंदनाच्या साबणाने अंग घासलं होतं. त्यानंतर कितीतरी महिने मी कुणी नसताना स्वतःचे हात हुंगून पाहत असे. त्या लोकांना मी माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

उन्हाळा संपत आला तशा खेड्यांतून खतासाठी बैलगाड्या यायला लागल्या. धानाच्या बांध्यांना, म्हणजे भाताच्या खाचरांना, डेपोचं खत फार मानवे. मी बाबांचा डबा घेऊन गेले होते. फाटकाशी एक गाडी उभी होती आणि गाडीजवळ मुलाचा बाप. दरवर्षी त्यांचा सालदार यायचा खत न्यायला, यंदा ते स्वतः आले होते. म्हणजे ज्या घराला आमचा वास सोसला नाही, त्या घरातला भात याच ढिगांवर पिकत होता. त्यांनी आम्हाला ओळखलं असणारच, पण ओळख दिली नाही.

मुरलेल्या ढिगातलं मूठभर खत त्यांनी उचललं, तळहातावर चोळलं, नाकाशी नेलं आणि खूश होऊन म्हणाले, "वा गा मुकादम! याले तं वासच नाही."

बाबा वर फडक्याकडे पाहत होते.

"नाही," ते म्हणाले. "माह्या पोरीले भी नव्हता."