माझा प्रतिवादी

दामूदादाच्या मातीला मी रडलो नव्हतो. तेराव्यानंतर चार-सहा दिवसांनी परतूरहून वकिलांचा फोन आला. ‘‘तुमच्या दाव्यातले प्रतिवादी मयत झालेत, त्यांचे वारस लावावे लागतील.’’ त्या ‘मयत’ शब्दापाशी माझा धीर सुटला…

दादा माझा चुलतभाऊ. वाटूरजवळ आमची शेतं लागून आहेत आणि मधे एक विहीर. ती त्याच्या एकट्याची की दोघांची, यावरून मी त्याच्यावर दिवाणी दावा लावला होता. बोलणं बंद, पाण्याच्या पाळीवरून रोजची कटकट. अशातच ओढ्याच्या वरच्या अंगाच्या एका कारखान्याचं सांडपाणी झिरपून विहीर नासली. पाणी काळं पडलं, बैल तोंड लावीनात. तेव्हा दादा माझ्या दारात आला आणि बाहेरूनच म्हणाला, ‘‘भांडायला इहीर तर राह्यली पाह्यजे ना? चल पुण्याला.’’

आम्ही हरित लवादाकडे एकत्र अर्ज केला. म्हणजे पुण्यात एका बाजूला आणि परतूरच्या कोर्टात समोरासमोर! प्रवास एकाच एसटीने, भाकरी माझ्या घरची, ठेचा त्याच्या. पुण्यात कारखान्याच्या वकिलाने नेमकी दुखरी जागा धरली. विहीर कोणाची हेच ठरलेलं नाही, आधी दिवाणी कोर्टातून ठरवून या, म्हणे. तोवर विहिरीत गाळच उरला असता. पुढच्या तारखेला दादाने शपथपत्र दिलं : विहीर आम्हा दोघा भावांची, सामाईक. या एका सहीने आपण परतूरचा दावा हरतोय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सांडपाणी बंद झालं, कारखान्याला विहीर उपसून द्यावी लागली. माझे वकील खूश. ‘‘त्या शपथपत्राची नक्कल आणा, दावा खिशात!’’ नक्कल मी आणली, पण कोर्टात दिली नाही. परतूरला चहा पिताना एकदा दादानेच विचारलं, ‘‘तो कागद लावला का न्हाई?’’

‘‘न्हाई. लाज वाटून राह्यली. दावाच काढून घेतो.’’

तो खो खो हसला. ‘‘बिलकुल काढू नको. मंग परतूरला कशाच्या निमित्तानं येऊ आपण?’’

त्यानंतर किती तारखा पडल्या कोण जाणे. पट्टेवाल्याने पुकारा केला की दोघं एकदम उठायचो, पुढची तारीख घ्यायचो आणि गरम जिलेबी बांधून घेऊन घरी यायचो. आमच्याइतके सुखी पक्षकार त्या कोर्टाने पाहिले नसतील.

वकिलांना मी सांगितलं, वारस लावायचे नाहीत. मुदत संपली की दावा आपोआप पडेल, ते म्हणाले. पडू द्या. ज्याच्या सोबतीसाठी तो चालवला, तोच आता तारखेला यायचा नाही.

माझी पाळी संपली की मोटार बंद करून मी हाक द्यायचो, ‘‘दादा, झालं माझं!’’ पलीकडून यायचं, ‘‘बराबर!’’ आता त्याची सून मोटार लावते, तिला फोन केला की पुरतं. पण हाक अजून तोंडातून जातेच… आणि फोन करायचं विसरून मी तिथेच उभा राहतो.