अक्काची कळ

करणी, बाहेरचं, अंगात येणं... असलं काही मी आयुष्यात मानलं नाही. श्रीरामपूर आगारात कंडक्टर आहे मी. मुक्कामी गाड्या केल्या, आडवाटेच्या थांब्यांवर एकटी उतरले, कधी काही दिसलं नाही. त्यामुळे हे लिहायलाही संकोच वाटतोय.

माझी थोरली बहीण, अक्का, बेलापूरला असते. शेती आणि दोन म्हशी. मागच्या वर्षी शिबिरात तिची मॅमोग्राफी झाली. रिपोर्ट नॉर्मल. लगेच तिचा फोन — "सुटले बाई!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या डाव्या छातीत कळ यायला लागली. काखेच्या जरा खाली, बोटाएवढ्या जागेत. तापवलेली सुई टोचावी तशी. वाटलं, तिकिटांच्या बॅगेचा पट्टा काचतोय. खांदा बदलला, फरक नाही. शेवटी नगरला जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. मला काहीच निघालं नाही!

विचित्र म्हणजे, गाडी बेलापूरकडे निघाली की कळ वाढायची. एकदा रजा टाकून अक्काकडेच गेले. ती म्हशीची पेंड कालवत होती. तिच्याजवळ बसले आणि कळवळलेच. मग माझा हात आपोआप तिच्या छातीकडे गेला... डावीकडे, त्याच जागी. कळ थांबली. हात काढला, परत सुरू.

"अक्का, सोनोग्राफी करून घे."

"येडी झालीस का? रिपोर्ट नॉर्मल हाय माझा. काय दुखत न्हाई, गाठ बी लागत न्हाई हाताला."

मी तिचे पाय धरले. रडले. तेव्हा कुठे आली.

सोनोग्राफीत गाठ दिसली. सुईने तुकडा काढून तपासला — कॅन्सर. डॉक्टरबाई म्हणाल्या, "यांच्या स्तनातल्या पेशी दाट आहेत. मॅमोग्राफीत तो भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, म्हणून कधी कधी लपून राहते. पण तुम्हाला शंका कशी आली?"

"असंच," म्हणून मी विषय बदलला.

ऑपरेशन झालं, केमो झाली, अक्काचे केस गेले. ऑपरेशनच्या दिवशीच माझी कळ थांबली होती. तिथेच सगळं संपलं असतं, तर मी हे लिहिलंच नसतं.

गेल्या आठवड्यापासून कळ परत आलीये. या वेळी उजवीकडे.

अक्काची फेरतपासणी आत्ताच झाली. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, दोन्ही स्वच्छ. मी डॉक्टरबाईंना माझ्या कळेचं सांगितलं, हातापाया पडले, अजून काहीतरी बघा म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "दुखतंय तुम्हाला. त्यांची तपासणी कशाच्या आधारावर करू?"

मग अक्काला सगळं खरं सांगितलं.

"पुन्यांदा त्यातनं जायाची ताकद न्हाई गं माझ्यात. आता दुखलं तरी मला सांगू नको."

काल रात्रभर उजवी बाजू दाबून बसले होते. सकाळी अक्काचा फोन आला, "बरी हायस ना?"

"हो," म्हणाले मी.