ओलसर नळी

भट्टीदादा बावीस वर्षं एकच काम करत होते. काचेच्या नळीत लोखंडाचा थर दिलेली चकती सरकवायची, भट्टी तापवायची, वायू सोडायचा. चकतीवर कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या उभ्या वाढत. त्या राळेत मिसळून कंपनी हलके, चिवट पत्रे बनवी.

मी तिथे माहितीपत्रकं लिहायचो. दादा मला कविराज म्हणत.

एकदा ते जेवायला गेले असताना मी हौसेनं काचेची नळी धुऊन ठेवली. भट्टीला हात लावायची मला परवानगी नव्हती, म्हणून बोललो नाही. नळी आतून जराशी दमट राहिली. त्या दुपारी वाढ नेहमीच्या दहापट झाली. साहेबांनी दादांची पाठ थोपटली.

पुन्हा मात्र तसं जमेना. दादांनी आठ महिने जंग जंग पछाडलं. मलाही विचारलं, "कविराज, त्या दिवशी काय वेगळं होतं रे?" मी "काही नाही" म्हणून मान हलवली.

"आकडा फुगवलात तुम्ही," साहेब म्हणाले. दादांनी राजीनामा दिला.

काल एका लेखात वाचलं: भट्टीत किंचित पाण्याची वाफ असली की नळ्यांची वाढ लवकर थांबत नाही. मी धुतलेली ती दमट नळी आठवली. तसाच त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

 दादांनी आत बायकोला हाक मारली, "अगं, ऐकलंस का? खरा होता तो आकडा!"

माझ्यापुढे कागद ठेवत म्हणाले, "साहेबांना लिही. आणि कविता नको करूस."

ते हसत होते. मला मान वर करवेना.